निऑन टेट्रा कोपऱ्यात का लपतात? दोन फुटी टाकीत शांत माशांचा थवा कसा बसवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरात घर. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काचेची टाकी आणली. भरली त्याच दिवशी दुकानदाराने 'सगळे एकत्र राहतात' असं सांगून चार निऑन टेट्रा, दोन एंजल, दोन गोल्डफिश आणि काच साफ ठेवायला एक सकर दिला. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मीटरवर ६५०. पंधरवड्यात दोन निऑन गेले. उरलेले दोन फिल्टरच्या मागे बसून असतात, खायलाही पुढे येत नाहीत. घरातल्या मुलीला थव्याने पोहणारे मासे बघायचे आहेत, तर आता सोबतीला अजून कोणते मासे आणावेत?

सध्या एकही आणू नका. आधी एंजल, गोल्डफिश आणि सकर परत द्या, किंवा ज्याच्याकडे मोठी टाकी आहे त्याला देऊन टाका. टाकी महिना-दीड महिना नीट मुरू द्या, म्हणजे फिल्टरमध्ये घाण पचवणारे जिवाणू वाढू द्या. त्यानंतर एकाच जातीचे दहा-बारा छोटे मासे ठेवा. दोन फुटी टाकी आखताना मासे किती मावतील हे बघू नये, थवे किती मावतील हे बघावं, आणि दोन फुटांत थवा एकच मावतो. चार या जातीचे, दोन त्या जातीचे अशी मिसळ केली की टाकी रंगीत दिसते, पण आतला प्रत्येक मासा एकटा पडलेला असतो.

चार निऑन म्हणजे थवा नव्हे. हे मासे पूर्ण वाढले तरी तीन-साडेतीन सेंटीमीटरचे. त्यांच्या मूळ नद्यांत त्यांना खाणारे पुष्कळ असतात आणि स्वतःच्या बचावासाठी यांच्याकडे काटा नाही, विष नाही, फारसा वेगही नाही. आहे ती फक्त संख्या. माशाच्या अंगाच्या बाजूला पाण्यातला दाब ओळखणाऱ्या संवेदी पेशी असतात, त्यांच्या रांगेला पार्श्वरेखा म्हणतात. शेजारचा मासा दचकून वळला की हिच्यामुळे आणि डोळ्यांमुळे ते लगेच कळतं, आणि क्षणात सगळे वळतात. बारा जणांत पहारा वाटला जातो, म्हणून खायला, एकमेकांशी कुरबुर करायला, मादीपुढे मिरवायला वेळ उरतो. दोघांत पहारा कधी संपतच नाही. तुमचे दोन निऑन फिल्टरमागे जे करताहेत तो पहाराच आहे.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड, टायगर बार्ब आणि एंजल हे मासे एकेकटे, दोन-दोन, पाच-पाच आणि दहा-दहा असे ठेवून पाहिले होते. अशा माशांना लहान गटात ठेवणं त्यांच्या हिताचं नाही, असाच त्यातून कल निघाला. दुकानात 'सहा पुरेत' म्हणतात. सहा हा तग धरण्यापुरता आकडा आहे. वागणं दिसायला लागतं ते दहाच्या पुढे.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तुमच्या मुलीच्या अपेक्षेशी त्याचा संबंध आहे. चित्रफितींमध्ये घट्ट, एका दिशेने वळणारा जो थवा दिसतो तो बहुतेक वेळा घाबरलेला किंवा नुकताच सोडलेला असतो. मासे एकमेकांना चिकटून, तोंडं एकाच बाजूला करून पोहतात ते धोका वाटतो तेव्हा. टाकीत रुळलेले निऑन सैल पसरतात: तीन इकडे, चार झाडाच्या सावलीत, दोन नर एकमेकांच्या बाजूला पंख ताणून उभे. समोरून कोणी झपकन गेलं की सगळे आवळून येतात आणि मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा सुटतात. हे आवळणं आणि सुटणं दिसलं म्हणजे टाकी बसली असं मी मानतो. मासे दिवसभर आवळलेलेच असतील तर काहीतरी चुकतंय. याला ठळक अपवाद रमीनोज टेट्राचा. तो रुळल्यावरही एकजुटीने टाकीभर फिरतो, आणि त्याचं लाल तोंड फिकट पडलं की पाणी तपासायची वेळ झाली हे कळतं. पण त्याला फिरायला लांबी लागते, तीन फुटांखाली ठेवू नये.

आता परत द्यायच्या माशांबद्दल, कारण 'ते बिचारे काही करत नाहीत' असं तुम्हाला वाटत असेल. एंजल लहान असतो तोवर काही करत नाही. वाढला की निऑन त्याच्या तोंडात सहज मावतो, आणि रात्री दिवा गेल्यावर तो खातो. दोन्ही मासे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले आहेत, एंजलला छोटे टेट्रा खाणं कोणी शिकवावं लागत नाही. तुमच्या निऑनना तो कोण आहे हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते लपतात. शिवाय एंजल उंच वाढतो, एक फूट उंचीची टाकी त्याला पुरत नाही. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, तो घाण प्रचंड करतो, आणि तोंडात मावेल ते तोही गिळतो.

सकरचं मात्र जरा सविस्तर सांगतो. दुकानात तो दोन इंचांचा असतो, पुढे फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. शेवाळ खाण्याचं त्याचं कौतुक लहानपणापुरतं. वाढला की विष्ठेने टाकी भरून टाकतो. मग लोक कंटाळून त्याला नदीत, तलावात सोडतात. उजनीच्या पाण्यात हा परदेशी मासा पसरला आहे. त्याच्या काटेरी, कडक अंगाने जाळी फाटतात आणि त्याला बाजारात कोणी विचारत नाही. मासेमारीवर पोट असलेल्या माणसाचं आपल्या शोभेच्या टाकीमुळे नुकसान व्हावं हे मला अजिबात पटत नाही. हात जोडून विनंती आहे, कोणताही शोभेचा मासा, अगदी गप्पीसुद्धा, ओढ्यात, विहिरीत किंवा धरणात सोडू नका. दुकानदार पैसे देणार नाही, पण मासा परत घेतो.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे, म्हणजे पाण्याकडे येऊ.

निऑन आणि त्याचा मोठा भाऊ म्हणावा असा कार्डिनल टेट्रा हे अतिशय मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या, पाण्याचे मासे. कार्डिनलचं एक मोठं माहेरघर म्हणजे ब्राझीलमधली रिओ निग्रो नदी. कुजलेल्या पानांनी तिचं पाणी गडद तपकिरी झालेलं असतं आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. अशा काळोख्या पाण्यात एकमेकांना दिसत राहावं म्हणून या माशांच्या अंगावरची निळी रेघ उपयोगी पडत असावी. नदीकाठच्या बार्सेलोस गावात पिढ्यान्‌पिढ्या कार्डिनल पकडून विकणारी कुटुंबं आहेत. बाजारातले कितीतरी कार्डिनल आजही असे नदीतून पकडलेले असतात. निऑन मात्र जवळजवळ सगळे पैदास केंद्रांतले असतात. त्यामुळे निऑन थोडं जड पाणी सोसतो, पण ६५० टीडीएस म्हणजे थोडं जड नव्हे.

दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी साधारण असंच असतं: क्षार जास्त, पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आठच्या आसपास. मुंबईला भातसा-तानसा-वैतरणेचं आणि पुण्याला खडकवासल्याचं धरणाचं पाणी बरंच मऊ मिळतं, म्हणून तिथले लोक निऑन सहज ठेवतात आणि सल्लाही तसाच देतात. तो सल्ला मराठवाड्यात जसाच्या तसा लागू पडत नाही. मुंबई-पुण्याच्या लोकांना वेगळी काळजी घ्यावी लागते ती क्लोरीनची. पाणी बादलीत रात्रभर एअर पंप लावून ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर उडत नाही, म्हणून क्लोरीन मारणारं औषध वापरलेलं बरं. तुमच्या बोअरच्या पाण्यात तुम्ही स्वतः क्लोरीन टाकत नसाल तर हा प्रश्न नाही.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. पाणी माशाजोगं करा, किंवा पाण्याजोगा मासा घ्या.

पाणी बदलायचं ठरवलं तर घरातल्या आरओचं पाणी मिसळा. एक भाग बोअर आणि दोन भाग आरओ घेतलं, आणि आरओचा टीडीएस चाळीसच्या आसपास असेल, तर मिश्रण अडीचशेच्या जवळ येतं. पैदास केंद्रातल्या निऑनला तेवढं चालतं. नुसतं आरओ कधीही भरू नका; त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात, मग पीएच एकदम घसरतो. तुमच्या टाकीत दगड-वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस लिटर पाणी असेल. आठवड्याला पाव भाग बदलायचा म्हणजे बारा लिटर, त्यात आरओ आठ लिटर. एवढं जमण्यासारखं आहे. आरओतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी फरशीला, बाथरूमला वापरा, टाकीत नको. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. पावसाळ्यात पहिले दोन-चार पाऊस गच्ची धुऊन गेले की नंतरचं पाणी स्वच्छ पिंपात धरता येतं. ते आरओसारखंच मऊ असतं आणि वीजही लागत नाही. शेजारी कारखाना किंवा मोठा रस्ता असेल तर मात्र धरू नका.

यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वाफ होऊन टाकीतलं पाणी कमी होतं, क्षार मागेच राहतात. म्हणून आठवड्यामध्ये पातळी खाली आली की नुसत्या आरओने भरायची, मिश्रणाने नाही. पाणी बदलताना मात्र ठरलेलं मिश्रणच. हे पाळलं नाही तर अडीचशेची टाकी उन्हाळाभरात हळूहळू पाचशेवर जाते, आणि मालक 'मी तर तेच पाणी वापरतो' म्हणत राहतो.

दुसरा रस्ता मला नव्या माणसासाठी जास्त पसंत आहे. जड पाणी खुशीने सोसणारे शांत मासे घ्या. झेब्रा डॅनियो आपल्याच उपखंडातला मासा. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर त्याची नोंद केली. भातशेती, ओढे, उथळ संथ पाणी अशा ठिकाणी तो राहतो, त्यामुळे पाण्यातले आणि ऋतूंमधले चढउतार त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. तो सतत फिरत असतो, मुलांना फार आवडतो. दोन फुटांत आठ-दहा ठेवता येतात, मात्र मधला भाग मोकळा ठेवा आणि वर झाकण हवंच, तो उडी मारतो. जरा सावकाश पोहणारा थवा हवा असेल तर एक्स-रे टेट्रा शोधा. याचं अंग काचेसारखं, पंखांवर पिवळा-काळा-पांढरा पट्टा, आणि टेट्रांमध्ये जड पाणी याच्याइतकं क्वचितच कोणी सोसतं. श्रीलंकेचा चेरी बार्बही चांगला. हा खरा थव्याचा मासा नव्हे, सैल जमावाने राहतो, पण शांत आहे. दोन-तीन नर एकत्र असले की एकमेकांसमोर गडद लाल होतात, एकटा नर फिकाच राहतो.

टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा दिसायला सुंदर, दुकानात 'टेट्राच आहे' म्हणून देतील, पण दुसऱ्यांचे पंख कुरतडतात. त्यांना शांत टाकीत घेऊ नका. गुलाबी, निळे, हिरवे विडो टेट्राही सरळ नाकारा. यातल्या पुष्कळांना रंग टोचून किंवा रंगात बुडवून तसं केलेलं असतं. त्यात कितीतरी मासे मरतात, वाचलेल्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. मिस केरळ नावाने मिळणारा लाल पट्ट्याचा मासाही दोन फुटी टाकीचा नव्हे. तो आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागातला, निसर्गात धोक्यात आलेला, चार-पाच इंच वाढणारा आणि जोराच्या प्रवाहात राहणारा मासा आहे.

टाकी मुरवणं म्हणजे काय, तेही सांगतो. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. ते पाणी बदलून काढायचं. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. भरली त्याच दिवशी नऊ मासे सोडले, त्यात दोन गोल्डफिश, म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत अमोनिया वर चढणारच होता. त्यात तुमच्या पाण्याचा पीएच जास्त. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. तुमचे दोन निऑन बहुधा यामुळेच गेले. म्हणून अमोनिया आणि नायट्राइटचं थेंबांचं टेस्ट किट घ्या. माशांच्या औषधांवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा सत्कारणी लागतो. दोन्ही आकडे शून्य दिसेपर्यंत नवा मासा नाही. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि ओलाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, काम अर्ध्या वेळात होतं. तोच स्पंज पुढे कधी नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा, तोही प्रवाह मंदावला तरच.

दिवे जाण्याचा त्रास असेल तर पॉवर फिल्टरच्या जोडीला एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावा. हा स्वस्त असतो, छोट्या माशांना ओढून घेत नाही आणि बॅटरीच्या एअर पंपावरही चालतो. मी छोट्या टाक्यांत तोच वापरतो.

टाकीची मांडणी थव्याला धीर देते. पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना काळा कागद लावा. चारी बाजूंनी उघड्या टाकीत या माशांना लपायला एकच जागा सापडते, ती फिल्टरमागची. तळाला काळपट नदीची वाळू किंवा बारीक गडद खडी. पांढऱ्या संगमरवरी चिप्स, शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे असतील तर काढून टाका. ते पाण्यात विरघळून पाणी आणखी जड करतात आणि पांढऱ्या तळावर मासे फिके पडतात. मागच्या बाजूला वॅलिसनेरिया किंवा हायड्रिला दाट, लाकडावर जावा मॉस आणि अनुबियास बांधलेलं, वर थोडी तरंगती झाडं, आणि मधे-पुढे पोहायला मोकळी जागा. उजेड मंद, सहा-सात तास पुरे. गंमत अशी की लपायला भरपूर जागा दिली की मासे जास्त बाहेर राहतात. आडोसा हाताशी आहे एवढं त्यांना माहीत असलं की पुरतं.

देशी बदामाचं झाड तुमच्या कॉलनीत नक्की असेल. ऑनलाइन 'कटप्पा लीफ' म्हणून किंमत लावून विकतात ती याचीच पानं. आपोआप गळलेलं, वाळून तपकिरी झालेलं पान घ्या, हिरवं नको, फवारणी झालेल्या झाडाचं किंवा गाड्यांच्या धुरातलं नको. धुऊन टाकीत सोडा, दोन-तीन दिवसांत बुडतं आणि पाण्याला चहाची झाक येते. दोन फुटी टाकीला एक मोठं पान पुरे. याने मऊ पाणी थोडं आम्ल होतं. ६५० टीडीएसच्या पाण्यात पीएच हलत नाही, पण उजेड मंदावतो आणि मासे शांत होतात. जंतूंना आळा बसतो म्हणतात, पण मी पान टाकतो ते औषध म्हणून नव्हे, माशांना ते पाणी आवडतं म्हणून.

तुमच्याकडे उन्हाळ्याचा विचार आधी करायला हवा. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतली टाकी ३१-३२ अंशांवर जाते. निऑनला २२ ते २६ हवं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला लागतो जास्त, म्हणून दुपारी मासे वर येऊन तोंड मारू लागतात. टाकीचं झाकण काढून जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात, तुमच्याकडच्या कोरड्या हवेत कधी चारही. कोकणच्या दमट हवेत तेवढं होत नाही. एअर पंप चालू, खाणं निम्मं. बर्फाचे खडे टाकू नका, तापमानाच्या झटक्याने मासा उन्हापेक्षा लवकर आजारी पडतो. मऊ पाण्याचाच रस्ता धरलात तर निऑनऐवजी कार्डिनल किंवा एम्बर टेट्रा उष्णता बरी सोसतात. एम्बर दोन सेंटीमीटरचा, निखाऱ्याच्या रंगाचा, आणि दोन फुटी टाकीत पंधरा ठेवले तरी गर्दी वाटत नाही.

खरेदीचा दिवस घाईत उरकू नका. दुकानात विचारा, माल कधी आला? आपल्याकडचे शोभेचे मासे पुष्कळदा चेन्नईच्या कोळत्तूर भागातून किंवा कोलकात्याहून पिशव्यांत लांबचा प्रवास करून येतात, आणि प्रवासाचा फटका पुढच्या काही दिवसांत दिसतो. दुकानात आठवडाभर टिकलेलाच माल घ्या. टाकीसमोर पाच मिनिटं शांत उभे राहा. त्यात एक-दोन मेलेले पडले असतील, एखादा थव्यापासून सुटून कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात डोलत असेल, पंख अंगाला चिकटलेले असतील, पोट आत गेलेलं असेल, निळी रेघ मध्येच पांढुरकी झालेली असेल, तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका, स्वतः तंदुरुस्त दिसणाराही नाही. दुकानदाराला चिमूटभर खाणं टाकायला सांगा. जे झेपावतात ते घ्यायचे. आकाराने सारखे मागा, लहान-मोठे मिसळले तर लहान उपाशी राहतात.

घरी आणल्यावर पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू द्या, मग मासे पिशवीतल्या पाण्यासकट स्वच्छ बादलीत घ्या. एअर पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी थेंब-थेंब त्यात सोडा, तास-दीड तासात पाणी तिप्पट होईल. दुकानाचा आणि तुमचा टीडीएस वेगळा असतो आणि निऑनचा जीव बहुतेक वेळा या फरकात जातो. मग जाळीने मासे उचलून आत सोडा, बादलीतलं पाणी बाहेर फेका. दिवा बंद. शक्य असेल तर आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा. तुमच्या मुख्य टाकीत आधीपासून ठेवलेला एखादा जादा स्पंज फिल्टर त्या टबला लावला की तोही मुरलेला असतो.

रात्री अचानक दिवा लावून बघाल तर निऑन फटफटीत दिसतील, रेघही विझल्यासारखी. ते मेले नाहीत. निळा रंग त्वचेतल्या पेशींमधल्या बारीक चकत्यांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा असतो, आणि अंधारात मासा तो आवरून घेतो. सकाळी अर्ध्या तासात परत येतो. दिवसाढवळ्या फक्त एखाद्याच माशाच्या रेघेत ठिगळ पडलं, तो थवा सोडून फिरू लागला आणि पाठ वाकडी होऊ लागली, तर मात्र निऑन टेट्रा रोगाची शंका घ्या. त्यावर खात्रीचा इलाज नाही. मेलेल्या माशाचं मांस बाकीच्यांनी खाल्लं की तो पसरतो, म्हणून असा मासा लगेच वेगळा काढायचा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, तो बरा होतो. पण टेट्रांना मॅलाकाइट ग्रीनसारखी औषधं जड जातात, बाटलीवरच्या निम्म्या मात्रेने सुरुवात करा आणि हवा वाढवा.

तोंड बारीक आहे, तेव्हा खाणंही बारीक: चिमटीत चुरलेले फ्लेक्स किंवा मायक्रो पेलेट, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल इतकंच. आठवड्यातून एक दिवस उपास. डॅफ्निया किंवा आर्टेमिया या पाण्यातल्या बारीक जिवांची पिल्लं मिळाली तर थव्याचा रंग महिन्याभरात बदललेला दिसतो. दुकानात मिळणारे जिवंत लाल ट्युबिफेक्स किडे टाळा, ते गटारांच्या गाळातून काढलेले असतात. त्यांची वाळवलेली वडी चालते.

थवा बसला, दोन महिने एकही मासा न गमावता गेले, तर तळाला चार-सहा छोट्या कोरी (कोरिडोरास, तळाशी राहणारे छोटे मासे) ठेवता येतील. याही कळपानेच राहतात, बारीक मऊ वाळू मागतात आणि मधूनच वर येऊन हवेचा घोट घेऊन जातात. ते बघून घाबरू नका, त्या आतड्यातूनही श्वास घेतात. मात्र बारापेक्षा जास्त टेट्रा असतील तर कोरी नकोतच.

राहिले फिल्टरमागचे ते दोन निऑन. मोठे मासे आज-उद्या गेले की त्यांच्यावरचा निम्मा ताण उतरेल. काळा कागद आणि झाडं लगेच लावा, खाणं अगदी थोडं द्या, आणि अमोनिया दिसत असेल तोवर एक दिवसाआड पाव भाग पाणी बदला. मऊ पाण्याचा रस्ता धरलात तर पहिल्या दोन-तीन बदलांत निम्मं-निम्मं मिश्रण घाला, मग ठरलेल्या प्रमाणावर या, म्हणजे त्यांना झटका बसणार नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की त्यांच्यात पाच निऑन घाला, दोन आठवडे थांबून किट पुन्हा शून्य दाखवत असेल तर आणखी पाच. झेब्रा किंवा एक्स-रेचा रस्ता धरलात तर हे दोन टाकीत तसेच ठेवू नका. दुसऱ्या जातीच्या गर्दीत निऑनला निऑनची सोबत मिळत नाही. ज्याच्याकडे निऑनचा थवा आधीच आहे अशा कोणाला तरी ते द्या, तो आनंदाने घेईल. कोणता रस्ता धरताय ते आणि अमोनिया, नायट्राइट, पीएच हे तीन आकडे कळवा, म्हणजे पहिले पाच कधी आणायचे ते नेमकं सांगता येईल.